गाडीतील दुसरी बॅटरी : दोन कामांच्या विभागणीचा इतिहास

मोटारगाडीत इंजिन सुरू करण्यासाठी जी बॅटरी असते, तिच्याखेरीज केवळ दिवे, शीतपेटी, बिनतारी यंत्र, पंखा यांसारखी उपकरणे चालवण्यासाठी जी स्वतंत्र बॅटरी बसवली जाते तिला साहाय्यक बॅटरी म्हणतात, आणि अशा गाडीच्या विद्युतरचनेला द्विबॅटरी व्यवस्था असे म्हणता येते. मोठ्या मालट्रकमध्ये किंवा एस.टी.च्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात, परंतु त्या एकामागे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवण्यासाठी असतात आणि दोन्ही मिळून एकच काम करतात, म्हणून त्यांचा समावेश या व्यवस्थेत होत नाही. द्विबॅटरी व्यवस्थेचे मर्म बॅटऱ्यांच्या संख्येत नसून कामांच्या विभागणीत आहे. ही विभागणी का करावी लागली, ती कोणत्या मार्गांनी होत गेली आणि त्या अनुभवातून आज साहाय्यक बॅटरी निवडणाऱ्याला कोणता निकष हाती लागतो, याचा मागोवा या लेखात घेतला आहे.

गाडीतील बॅटरीकडून दोन अगदी भिन्न प्रकारची कामे अपेक्षित असतात. पहिले काम सेल्फ फिरवण्याचे, म्हणजे थंड पडलेल्या इंजिनाला गती देण्याचे. ते दोन-चार सेकंदांत संपते, पण तेवढ्या वेळात साध्या पेट्रोल गाडीतही दीडशे-दोनशे अँपिअर इतका प्रवाह लागतो आणि मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहून बराच अधिक लागतो. दुसरे काम उभ्या गाडीत तासन्‌तास उपकरणे चालवण्याचे. त्यात प्रवाह तीन-चार अँपिअरच असतो, पण तो रात्रभर वाहत राहतो. हिशेब मांडला तर हा भेद डोळ्यांत भरतो. दोनशे अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद वाहिला तर बॅटरीतून सुमारे ०.११ अँपिअर-तास एवढाच साठा खर्च होतो. अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिल्यावर जेवढी वीज जाते तेवढी वीज. याउलट चार अँपिअर घेणारी छोटी शीतपेटी दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ जरी चालली, तरी वीस अँपिअर-तास संपतात, म्हणजे एका रात्रीत जवळजवळ १८० वेळा इंजिन सुरू करण्याइतका साठा खर्ची पडतो. जी बॅटरी पहिल्या कामासाठी घडवली आहे तिच्यावर दुसरे काम लादले की सकाळी सेल्फ फिरत नाही, आणि ही गोष्ट वारंवार घडली की बॅटरीच कायमची बसते.

या दोन्ही कामांचे मूळ एकाच शोधात आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मधे कापडाच्या पट्ट्या घालून गुंडाळले, ते सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि त्यांतून वीज सोडली. तेव्हा ती वीज रासायनिक रूपात साठून राहते आणि हवी तेव्हा परत मिळते असे त्याला आढळले. वापरून संपल्यावर पुन्हा भरता येणारी ही पहिली व्यवहार्य बॅटरी होती. तिचा दोष असा की पत्र्यांच्या पृष्ठभागावर क्रियाशील थर तयार होण्यासाठी ती महिनोन्‌महिने भरावी आणि रिकामी करावी लागे. कामीय फोर याने १८८१ च्या सुमारास शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पत्र्यांवर थापण्याची रीत काढून हा वेळ वाचवला, आणि त्याच वर्षी जॉन स्कडमोर सेलन याने शिशात अँटिमनी मिसळून कडक जाळ्या ओतण्याची पद्धत पुढे आणली, ज्यामुळे लगदा जाळीच्या घरांत घट्ट बसू लागला. आजही सर्वसामान्य बॅटरीची प्लेट याच दोन सुधारणांच्या आधारावर उभी आहे. शिशाची जाळी, तिच्यात भरलेला लगदा आणि भोवती गंधकाम्ल एवढीच ती रचना आहे. प्लेट किती जाड असावी आणि जाळीच्या मिश्रधातूत काय असावे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर बॅटरीची पुढची सारी विविधता ठरत आली.

चालत्या वाहनात जोडीने बॅटऱ्या वापरण्याची गरज मोटारीच्या आधी आगगाडीला भासली. ऑक्टोबर १८८१ मध्ये लंडन ते ब्रायटन मार्गावरील एका पुलमन डब्यात फोरच्या बॅटऱ्यांवर विजेचे दिवे लावण्यात आले, पण त्या बॅटऱ्या स्थानकावर उतरवून भराव्या लागत. पुढे डब्याच्या आसाला पट्टा लावून त्यावर डायनॅमो, म्हणजे फिरण्यातून वीज निर्माण करणारे यंत्र, चालवण्याची कल्पना निघाली आणि लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन आणि कंपनीने १८९० च्या दशकात तिला व्यवहार्य रूप दिले. येथे एक अडचण उभी राहिली. शिशाचा एक सेल वीज देताना सुमारे दोन व्होल्टचा दाब देतो, पण भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याला अडीच व्होल्टपर्यंत दाब लागतो. बॅटरी भरत असताना दिवे त्याच तारेवर असले तर वाढलेल्या दाबाने त्यांची तार लवकर जळते, आणि दिव्यांना मानवेल एवढाच दाब ठेवला तर बॅटरी पुरती भरत नाही. स्टोनच्या व्यवस्थेत बॅटऱ्यांचे दोन संच ठेवून यावर तोडगा काढला गेला : एक संच भरत असे, त्या वेळी दुसरा दिव्यांना वीज पुरवत असे, आणि त्यांची अदलाबदल होत असे. भारतात जोधपूर रेल्वेने १९०२ च्या सुमारास डब्यांत विजेचे दिवे नियमित केले, आणि मुंबई-पुणे मार्गावरच्या प्रवाशाला फलाटासमोरच्या रुळांवर उभ्या असलेल्या जुन्या धाटणीच्या डब्याच्या पोटाखाली जी लांबट बॅटरीपेटी दिसत आली आहे, ती याच परंपरेतली आहे.

मोटारगाडीत बॅटरी स्थिरावली ती वेगळ्या कारणाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या पेट्रोल मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत; हँडल उलटे फिरले की मनगट किंवा जबडा मोडत असे आणि हे काम शारीरिक बळाचेही होते. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग याने यावर उपाय शोधला. त्याने पूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना विजेवर चालणारे गल्लायंत्र बनवले होते, आणि अगदी थोडा वेळ काम करायचे असेल तर लहानशा मोटारीवरही तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्या कामातून त्याला उमगले होते. हेच तत्त्व त्याने इंजिनाला लावले आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ सालच्या गाड्यांवर विजेचा सेल्फ बसला. त्या व्यवस्थेत एकच यंत्र इंजिन फिरवण्याचे आणि नंतर वीज निर्माण करण्याचे अशी दोन्ही कामे करी; इंजिन फिरवताना बॅटरीचे भाग एकामागे एक जोडून २४ व्होल्टचा दाब घेतला जाई, तर दिवे आणि भरणी यांसाठी ६ व्होल्टची जोडणी होई. दोन कामांच्या दोन गरजा असतात ही जाणीव पहिल्याच सेल्फमध्ये अशी स्पष्ट होती. पुढे रचना सोपी आणि स्वस्त करण्याच्या ओघात ती मागे पडली आणि एकाच दाबाची, एकच बॅटरी ही सर्वसाधारण रीत झाली.

ही रीत सुमारे अर्धशतक चालली याचे कारण उभ्या गाडीत वीज खाणारी उपकरणे फारशी नव्हती. इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरी भरत असे, आणि दिवे व भोंगा यांपलीकडे खर्च नव्हता. १९५० च्या दशकात गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. १९६० पासून अमेरिकी कंपनी क्रायस्लरने आपल्या गाड्यांत अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच त्याने डायनॅमोची जागा घेतली. अल्टरनेटर प्रथम उलटसुलट दिशेचा प्रवाह निर्माण करतो आणि डायोड या एकदिश झडपांमधून त्याचा एकाच दिशेचा प्रवाह करतो. इंजिन हळू फिरत असतानाही तो पुरेशी वीज देतो, त्यामुळे एका इंजिनाच्या जोरावर दोन बॅटऱ्या भरणे प्रथमच सहजसाध्य झाले.

कामांची विभागणी मोटारीत आधी परतली ती सैन्याच्या गाड्यांतून. ब्रिटिश सैन्याच्या बिनतारी यंत्र बसवलेल्या लँड रोव्हर गाड्या २४ व्होल्टच्या असत आणि त्यांत इंजिनाच्या बॅटऱ्यांखेरीज यंत्रासाठी बॅटऱ्यांचा वेगळा संच असे, कारण इंजिन बंद ठेवून तासन्‌तास संदेशांची देवाणघेवाण करावी लागे आणि तरीही आज्ञा येताच गाडी हलावी लागे. मुलकी जगात हीच गरज युरोपातल्या निवासी गाड्यांनी निर्माण केली. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या पेटीवजा गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय करून द्यायला सुरुवात केली. जसजशी या गाड्यांत विजेची शीतपेटी, पाण्याचा पंप आणि अनेक दिवे आले, तसतशी बैठकीखाली दुसरी बॅटरीही आली.

तथापि द्विबॅटरी व्यवस्थेचे शास्त्र आणि कारागिरी खऱ्या अर्थाने परिपक्व झाली ती ऑस्ट्रेलियात. त्या खंडाच्या अंतर्भागात वस्त्या शेकडो किलोमीटर दूर आहेत, आणि वीज साठवण्याचा प्रश्न तेथे मोटारीच्याही आधीपासून जीवनमरणाचा होता. आल्फ्रेड ट्रेगर याने १९२९ साली पायाने फिरवायच्या डायनॅमोवर चालणारे बिनतारी यंत्र दूरच्या गुराखी-वस्त्यांसाठी प्रत्यक्षात आणले आणि विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेला त्यामुळे रुग्णांची हाक ऐकू येऊ लागली. अशा ठिकाणी जड बॅटऱ्या वाहून नेणे आणि त्या भरत राहणे जवळजवळ अशक्य होते, हेच त्या शोधामागचे कारण होते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या स्नोई पर्वतातील जलविद्युत प्रकल्पावर लँड रोव्हर गाड्या मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस लेस्ली थीस या ठेकेदाराने त्याच प्रकल्पासाठी जपानहून टोयोटाची लँड क्रूझर आणली. प्रकल्पावर सिद्ध झालेल्या या चारचाकी-चालनाच्या गाड्या पुढे शेतकऱ्यांच्या, खाणकामगारांच्या आणि अखेर हौशी प्रवाशांच्या हाती आल्या.

या प्रवासांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय साहाय्यक बॅटरीचे महत्त्व कळत नाही. विलूना ते हॉल्स क्रीक हा कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १,८५० किलोमीटरचा असून तो १९०८ ते १९१० या काळात विहिरी खोदत तयार केला गेला, तर सिम्पसन वाळवंटात एकामागे एक अशा अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. अशा मार्गांवर दिवसाचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि मांस, दूध, औषधे टिकवायची तर शीतपेटी हवीच. पूर्वी बर्फाच्या पेट्या आणि गॅसवर चालणाऱ्या शीतपेट्या होत्या, पण गॅसची पेटी धक्क्यांच्या रस्त्यावर आणि तिरक्या जमिनीवर नीट चालत नसे. जपानच्या सावाफुजी कंपनीची एंगेल शीतपेटी आणि नंतर छोट्या विद्युत कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या इतर पेट्या आल्या, तेव्हा ही अडचण दूर झाली, पण या पेट्यांचा सारा भार गाडीच्या बॅटरीवर पडला. ज्या ठिकाणी पुढची गाडी चार दिवसांनी येईल अशी शक्यता असते, तेथे सकाळी सेल्फ न फिरणे हे प्राणावर बेतणारे संकट असते, आणि म्हणून दुसरी बॅटरी तेथे पाण्याच्या टाकीइतकीच आवश्यक वस्तू मानली गेली.

दुसरी बॅटरी गाडीत ठेवणे सोपे होते. ती पहिलीशी जोडायची कशी, हा खरा प्रश्न होता. दोन्ही कायम एकत्र जोडल्या तर उपकरणे दोन्हींतून वीज ओढतात आणि विभागणीचा हेतूच नष्ट होतो. कायम वेगळ्या ठेवल्या तर दुसरी भरत नाही. सर्वांत जुना उपाय हाताने फिरवायच्या जाड खटक्याचा होता : गाडी चालताना जोडायचे, थांबल्यावर तोडायचे. त्यात एकदाही विसर पडला तरी पंचाईत होई. दुसरा उपाय डायोडांचा होता. अल्टरनेटरपासून दोन्ही बॅटऱ्यांकडे वीज जाऊ द्यायची, पण एका बॅटरीतून दुसरीत येऊ द्यायची नाही, हे काम डायोड बिनचूक करतो. परंतु त्यातून जाताना ०.६ ते ०.७ व्होल्टचा दाब खर्च होतो, आणि चौदा व्होल्टच्या आसपास भरणाऱ्या बॅटरीला तेवढी घट पुष्कळ असल्याने ती कायम अर्धवट भरलेली राहते. तिसरा उपाय रिलेचा, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या खटक्याचा. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझतो. त्याच संकेतावर रिले जोडला जाई आणि इंजिन बंद होताच तुटे.

रिलेची पुढची पायरी म्हणजे स्वतः दाब मोजून निर्णय घेणारा विलगक. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड परिसरात १९७९ साली स्थापन झालेली रेडार्क ही कंपनी या क्षेत्रात प्रसिद्ध झाली. तिच्या विलगकाचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर प्रथम फक्त मुख्य बॅटरी भरतो. तिचा दाब १३.२ व्होल्टपर्यंत चढला, म्हणजे सेल्फने खर्च केलेला साठा बराचसा भरून आला, की विलगक साहाय्यक बॅटरीला जोडून घेतो. इंजिन बंद झाल्यावर दाब उतरू लागतो आणि तो १२.७ व्होल्टवर आला, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या विसाव्याच्या दाबाइतका झाला, की जोडणी तुटते. मुख्य बॅटरीचा हक्क आधी, साहाय्यकाचा नंतर, आणि तोडताना मुख्य बॅटरी नेहमी भरलेली, असा नियम या दोन आकड्यांत सामावलेला आहे. माणसाच्या आठवणीवर काहीच अवलंबून राहत नाही, हे त्याचे मोठे यश होय.

जोडणीचा प्रश्न सुटत असताना बॅटरीच्या आतल्या रचनेतही बदल होत होते. सेल्फसाठीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, कारण आम्लाला स्पर्श करणारा पृष्ठभाग जितका मोठा तितका क्षणिक प्रवाह अधिक. पण अशी बॅटरी वारंवार खोलवर उतरवली तर पातळ प्लेटांवरचा लगदा झडतो. खोल वापराच्या बॅटरीत प्लेटा जाड आणि मोजक्या असतात, त्यामुळे तिचा क्षणिक जोर कमी असतो पण ती शेकडो वेळा उतरवून भरता येते. दोन्ही प्रकारांना एक समान शत्रू आहे : वीज देताना प्लेटांवर शिशाचा सल्फेट तयार होतो, बॅटरी लवकर भरली तर तो विरघळून परत कामी येतो, पण दिवसेंदिवस तसाच राहिला तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. १९३५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हॅरिंग आणि थॉमस यांनी जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरण्याचा मार्ग दाखवला, ज्यातून पुढे पाणी न घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या निघाल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या झोननशाइन कंपनीत ऑटो याखे याने आम्लाचा घट्ट रस, म्हणजे जेल, करून न सांडणारी बॅटरी तयार केली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या गेट्स कंपनीत काचेच्या तंतूंच्या पातळ गादीत आम्ल शोषून ठेवण्याची रचना विकसित झाली, जी आज एजीएम या नावाने ओळखली जाते. धक्के सोसणारी, आडवी झाली तरी न गळणारी आणि जलद भरणारी ही बॅटरी प्रवासी गाड्यांत स्वाभाविकपणे लोकप्रिय झाली.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तेव्हा जुनी जोडव्यवस्था अडचणीत आली. इंधन वाचवण्यासाठी निर्मात्यांनी असे अल्टरनेटर आणले की ज्यांचा दाब गाडीचा संगणक ठरवतो. गाडी उतारावर असताना किंवा ब्रेक लावताना दाब वाढतो, आणि सरळ रस्त्यावर चालताना तो बॅटरीच्या विसाव्याच्या दाबापर्यंत खाली येतो. दाब पाहून निर्णय घेणारा विलगक अशा गाडीत गोंधळतो आणि साहाय्यक बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर हे उपकरण पुढे आले. ते मुख्य बाजूकडून मिळेल त्या दाबाची वीज घेते, तिचा दाब हवा तसा वाढवते किंवा घटवते आणि साहाय्यक बॅटरीला तिच्या प्रकारानुसार टप्प्याटप्प्याने भरते : आधी पूर्ण प्रवाहाने, मग स्थिर दाबाने, आणि शेवटी केवळ साठा टिकवण्यापुरते. भारतातही एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली असल्याने नव्या गाडीत दुसरी बॅटरी बसवणाऱ्याने तिचा अल्टरनेटर कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी तपासणे आवश्यक आहे.

शिशाच्या दीडशे वर्षांच्या एकाधिकाराला आव्हान मिळाले ते लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीकडून. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी व नंजुंडस्वामी यांनी १९९७ साली या पदार्थाचे संशोधन प्रसिद्ध केले. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम बॅटऱ्यांवरील कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा असतो, म्हणून चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि ती १२ व्होल्टच्या गाडीत चपखल बसते. तिचे वजन तेवढ्याच क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते, आणि ती ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरवली तरी तिचे आयुष्य फारसे घटत नाही. पण तिलाही मर्यादा आहेत : शून्य अंशाखाली ती भरू नये, इंजिनाच्या उष्णतेपासून तिला दूर ठेवावे, आणि ती रिकामी असताना फार मोठा प्रवाह ओढत असल्याने अल्टरनेटरशी थेट न जोडता योग्य चार्जरमार्फतच जोडावी.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध उत्पादनाच्या आणि वापराच्या अशा दोन्ही अंगांनी येतो. पुढे एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९६९ साली पुण्याजवळ चिंचवड येथे कारखाना काढला, आणि मोटारउद्योगाच्या या पट्ट्यात बॅटरीही तयार होऊ लागली. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, ज्यामुळे निवासी गाड्यांच्या विद्युतरचनेचा प्रश्न आता येथील गॅरेजवाल्यांपुढे आणि मालकांपुढेही येऊन ठेपला आहे. ऑस्ट्रेलियातील अनुभव त्यांना जवळजवळ तसाच उपयोगी पडण्यासारखा आहे, कारण विदर्भातला उन्हाळाही बॅटरीला तितकाच छळतो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते असा व्यवहारातला ठोकताळा आहे.

या इतिहासाच्या प्रकाशात निवडीचा प्रश्न पाहिला तर पहिली पायरी लेबल वाचण्याची ठरते. सेल्फच्या बॅटरीवर उणे १८ अंश तापमानात ती तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते हा आकडा ठळक असतो, आणि साहाय्यक बॅटरी निवडताना त्याचे महत्त्व नगण्य आहे. पाहायचा तो अँपिअर-तासांचा आकडा, आणि तोही वीस तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो हे ध्यानात ठेवून. जर्मन संशोधक विल्हेल्म पॉयकर्ट याने १८९७ सालीच दाखवले की शिशाच्या बॅटरीतून प्रवाह जितका मोठा घ्यावा तितकी तिची उपयुक्त क्षमता घटते. म्हणून पाच अँपिअर वीस तास देणारी १०० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास अँपिअर दोन तास देत नाही.

दुसरी पायरी गरजेच्या हिशेबाची. शीतपेटीचे दिवसाला सुमारे ४८ अँपिअर-तास, दिव्यांचे पाच, पंखा व फोन यांचे सात असे धरले तर रोजचा खर्च साठ होतो. गाडी एका जागी दोन दिवस उभी राहणार असेल तर एकशेवीस लागतील. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे विसाव्यात तिचा दाब १२.२ व्होल्टखाली जाऊ देऊ नये, हा नियम पाळायचा तर २४० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागेल, तर लिथियमची १५० ची पुरेल. परंतु गाडी रोज तीन तास चालत असेल आणि २५ अँपिअरचा चार्जर असेल, तर रोज पाऊणशेच्या आसपास साठा परत येतो, आणि मग शिशाची १२० ची बॅटरी पुष्कळ होते. मुक्काम किती दिवसांचा आणि प्रवास किती तासांचा, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय बॅटरीचा आकार ठरत नाही.

तिसरी पायरी जोडणीच्या गुणवत्तेची, आणि बहुतेक व्यवस्था येथेच फसतात. बॉनेटपासून मागच्या डिकीपर्यंत सहा मीटरची तार धरली तर जाऊन-येऊन बारा मीटर होतात. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि तीतून २५ अँपिअर वाहिले तर वाटेतच सुमारे ०.८६ व्होल्ट गळतात. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर गळती ०.३२ व्होल्टवर येते. तारेच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. पाणी घालायची उघडी बॅटरी बसण्याच्या जागेत ठेवू नये. भरणीच्या शेवटी तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

अखेर निकामी झालेल्या बॅटरीचाही विचार निवडीतच करावा लागतो, कारण शिसे विषारी आहे आणि ते जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वापरता येते. भारतात २००१ च्या आणि त्यानंतर २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी अधिकृत साखळीतच परत गेली पाहिजे असे ठरवले आहे, म्हणून ती भंगारवाल्याकडे न टाकता विक्रेत्याकडे द्यावी. या सर्व वाटचालीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. स्टोनचे रेल्वे डबे, केटरिंगचा सेल्फ, सैन्याच्या बिनतारी गाड्या आणि ऑस्ट्रेलियातील वाळवंटी प्रवास या प्रत्येक टप्प्यावर जेथे दोन कामे वेगळी ओळखली गेली तेथे व्यवस्था टिकली, आणि जेथे एकाच बॅटरीवर दोन्ही लादली गेली तेथे ती कोलमडली. म्हणून साहाय्यक बॅटरी घेणाऱ्याने आधी काम मोजावे, मग भरण्याची सोय पाहावी, आणि बॅटरीची किंमत व नाममुद्रा यांचा विचार सर्वांत शेवटी करावा.